पडदा काळा आहे

दारात उभा राहिलेला माणूस अनवाणी होता. हातात हॉस्पिटलची चिठ्ठी होती आणि ती घामानं इतकी भिजली होती की टेबलावर ठेवली तशी तिथंच चिकटून बसली.

"ताई, रगत पायजे," तो म्हणाला. "डाक्टरनी सांगितलंय, तुमच्याकडं नावं हाईत म्हणून."

मी चिठ्ठी सोडवून वाचली. डॉक्टर हत्तरकींचं अक्षर एरवी फक्त औषधवाल्यालाच लागायचं. आज मात्र पहिलीतल्या पोरालाही वाचता येईल इतकं मोठं होतं. ओ निगेटिव्ह, दोन बाटल्या, ताबडतोब. खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

"पेशंट कोण?"

"बायकू. शेवंता. पयलंच बाळंतपन हाय. रगत थांबंना झालंय तिचं."

"आणि तुमचं नाव?"

"लगमाण्णा. वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवतो."

मी त्याला "बसा" म्हणाले. आवाज बरा निघाला. पण ज्या कॉम्प्युटरमध्ये ती नावं होती तो सकाळी साडेनवापासून सुरूच होत नव्हता. आणि तो का सुरू होत नव्हता याचा मला चांगलाच संशय होता.

ही गोष्ट दोन हजार दोन सालची. मी चोवीस वर्षांची होते आणि आमच्या तालुक्याच्या गावात रक्तदाता मंडळाची एकुलती एक कारकून होते. मंडळ काढलं शिरगुप्पे सरांनी. सर शाळेत विज्ञान शिकवायचे, निवृत्त झाल्यावर त्यांनी हॉस्पिटलच्या समोरच्या दोन खोल्या घेतल्या आणि गावोगाव फिरून रक्त देणाऱ्यांची नावं गोळा केली. हॉस्पिटलात छोटी रक्तपेढी होती, पण तिथं नेहमीचेच गट मिळायचे. ओ निगेटिव्ह आणायचं तर कोल्हापूर, म्हणजे जायला दोन तास आणि यायला दोन. "निगेटिव्ह रक्त बाटलीत साठवायचं नसतं, माणसांत साठवायचं असतं," असं सर म्हणायचे. आख्ख्या तालुक्यात आमच्या यादीवर अशी चार माणसं होती.

त्या चौघांना सरांनी एक नियम घालून दिला होता. तेव्हा खेड्यात घरोघर फोन नव्हते, आम्ही लिहून घ्यायचो तो नंबर शेजारच्या दुकानाचा नाहीतर डेअरीचा असायचा. गाव सोडून कुठंही जायचं झालं तर निगेटिव्हवाल्यानं त्या दुकानात सांगून जायचं, कुठं चाललो आणि कधी येणार. सासुरवाडीला जायचं असलं तरी सांगायचं. लोक हसायचे, पण पाळायचे.

यादी आधी वहीत होती. मग एका दलालानं वहीतली नावं उतरून घेतली आणि हॉस्पिटलच्या दारात रक्ताचा धंदा सुरू केला. सर इतके चिडले की त्यांनी वही बंदच करून टाकली. साखर कारखान्यानं टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी मागून आणला आणि कोल्हापूरच्या नदाफ साहेबांकडून त्यात यादी घालून घेतली, कुलपासकट. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एक ओळ यायची आणि गुप्त शब्द विचारायची. तो शब्द मला आणि सरांनाच ठाऊक होता. शब्द टाकला तरच मशीन पुढं सरकायचं. जाताना नदाफ साहेब मला म्हणाले होते, "मालाताई, ह्याच्यात आपल्या मनानं काही करायचं नाही. काय वाटलं तर मला फोन करायचा." माझं नाव विजयमाला, पण ते मालाताई म्हणायचे.

आता मी काय केलं ते सांगते. त्या दिवशी सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मंडळाच्या लोकांना सत्कार करायचा होता. सर म्हणाले, "हार आणाल तर म्हशीच्या गळ्यात घालीन." आणि पहाटेच्या गाडीनं ते डोंगरातल्या कुठल्याशा शाळेत पोरांचे रक्तगट तपासायला निघून गेले. मी त्या वेळी संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासला जात होते. चार महिने झाले होते आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. मशीन सुरू होताना जे ढगांचं चित्र येतं, त्याच्या जागी आपल्याला हवा तो फोटो कसा आणायचा, हे तिथं शिकवलं होतं. फोटो ठरावीक मापाचा करायचा, त्याला ठरावीक नाव द्यायचं, ठरावीक जागी ठेवायचा आणि एका फाइलमध्ये शून्य असेल तर तिथं एक करायचा. आमच्या मशीनमध्ये शून्य होतं. ते नदाफ साहेबांनी केलं होतं. का केलं होतं हे विचारावं असं मला वाटलं नाही.

हार नाही तर निदान पडद्यावर सरांचा फोटो, म्हणून आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तो उद्योग केला. मशीन बंद करून चालू केलं आणि पडद्यावर सर आले, चष्म्यासकट, थोडेसे हसत. खाली रंगीत पट्टी पळत होती. रिकाम्या खोलीत मी एकटीनं टाळ्या वाजवल्या. माझी शेवटची बस सुटायला आली होती, म्हणून पुढं काय होतंय ते न बघता सरळ मागचं बटण बंद केलं आणि पळाले.

सकाळी सर पुन्हा पडद्यावर आले आणि गेलेच नाहीत. पट्टी पळत राहिली, सर हसत राहिले, शब्द काही कुणी विचारेना. मी पाच मिनिटं वाट पाहिली. बंद केलं, चालू केलं. तेच. तीनदा केलं. तरी मी तितकीशी घाबरले नव्हते. दुपारी नदाफ साहेबांना विचारू, असं म्हणत होते, तेवढ्यात हा अनवाणी माणूस आला.

"नावं सांगता न्हवं ताई?" लगमाण्णा म्हणाला. तो बसला नव्हता.

"सांगते. मशीनला जरा वेळ लागतोय."

मी आधी कपाटातून जुनी वही काढली. तिच्यात ओ निगेटिव्ह दोन होते. पहिल्याचा फोन लावला तर पलीकडून बाई म्हणाली, "ते वारले की, गेल्या श्रावणात." दुसरा लष्करात होता आणि वहीत सरांनीच तसं लिहून ठेवलं होतं. मी वही मिटली. मग मी कोल्हापूरला नदाफ साहेबांच्या दुकानात फोन लावला. ते बाहेर होते. दुकानातल्या मुलीनं दहा मिनिटांनी करा म्हणून सांगितलं.

ती दहा मिनिटं मी मशीन बंद करून चालू करत बसले. लगमाण्णा टेबलाला वळसा घालून माझ्या मागं येऊन उभा राहिला आणि पडद्याकडं बघू लागला.

"ह्ये कोन?"

"आमचे सर."

"मग त्यास्नीच बोलवा की."

"ते गावाला गेलेत. अकरापर्यंत येतील."

"आकरा म्हंजे लई येळ हुईल ताई." त्यानं आवाज चढवला नव्हता. आणि बोलता बोलता त्यानं पडद्यावरच्या सरांना हात जोडले. बहुतेक त्याचं त्यालाही कळलं नसावं. मला ओरडावंसं वाटलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी नदाफ साहेब फोनवर मिळाले.

"साहेब, मशीन सुरू होत नाही. इथं इमर्जन्सी आहे."

"घाबरू नका. शब्द विचारतोय का?"

"नाही."

"कालपासून काय बदल केलासा का त्यात? काय नवीन घातलं, काढलं?"

लगमाण्णा माझ्यापासून दोन हातांवर होता. त्याची बायको रस्त्यापलीकडं रक्तात पडली होती. त्याच्यासमोर मी काय सांगणार होते? की मी हौस म्हणून फोटो लावला आणि त्यानं मशीन अडकलं? माझी पाचावर धारण बसली होती. तोंडातून आपोआप निघून गेलं.

"नाही. काहीच केलं नाही."

"बरं. पडद्यावर काय दिसतंय?"

आता फोटो म्हटलं असतं तर पुढचं सगळं बाहेर आलं असतं.

"काही नाही," मी म्हणाले. "पडदा काळा आहे."

लगमाण्णानं माझ्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं पाहिलं. "ताई, फोटू दिसतोय की," तो हळूच म्हणाला.

मी फोनवर हात ठेवला. "तुम्हाला त्यातलं कळतं का? गप्प राहा जरा."

तो लगेच गप्प झाला. चूक झाल्यासारखा एक पाऊल मागं सरला. आज इतक्या वर्षांनीही मला त्याचं ते मागं सरणं जसंच्या तसं दिसतं.

पडदा काळा म्हटल्यावर नदाफ साहेब आपल्या परीनं बरोबरच रस्त्यानं गेले. आधी मागच्या वायरी काढून पुन्हा घालायला लावल्या. मग म्हणाले, डबा उघडा. स्क्रू काढायला काही नव्हतं, मी भाजी चिरायची सुरी घेतली. सुरी घसरली आणि अंगठा कापला. लगमाण्णानं माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि चारी स्क्रू आपणच काढले. त्याचे हात यंत्रावर चालणारे होते, चुकत नव्हते. मग आत मेमरीची हिरवी पट्टी कुठं आहे, ती काढून पुसून परत कशी दाबायची, हे नदाफ साहेब सांगत होते आणि मी फोन खांद्यात धरून त्याला सांगत होते. मधेच लाइन कटली. पुन्हा लावली. ती एंगेज लागली. पुन्हा लावली.

आणि हे सगळं चाललं असताना मला पक्कं ठाऊक होतं की दोष तिथं नाही. करते आहे ते नुसतं नाटक आहे. तरीही मी ते थांबवू शकत नव्हते. दर मिनिटाला खरं सांगणं जास्त अवघड होत होतं, कारण आता फक्त फोटोचं सांगायचं नव्हतं, मघापासून खोटं बोलले तेही सांगायचं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं होतं. लगमाण्णानं नुसतं वर पाहिलं तरी मला वाटायचं, याला कळलं.

पट्टी पुसून बसवली आणि बटण दाबलं. सर आले.

"आला का?" नदाफ साहेबांनी विचारलं.

"काळाच आहे."

"आयला," ते म्हणाले. "मग मला गाडी काढून यावं लागंल. दोन तास धरा."

घड्याळात दहा पस्तीस झाले होते. फोन ठेवून मी वळले तर लगमाण्णा जमिनीवर बसला होता, पाठ भिंतीला आणि सुरी मांडीवर. रडत नव्हता. डोळे नुसतेच उघडे होते.

"काय म्हनला साहेब?"

मला काय वाटलं ते खरं सांगते. ही बाई मरणार आणि माझ्यामुळं मरणार, हे मला लख्ख दिसलं. आणि तरी त्याच्यासमोर तोंड उघडायचा धीर होईना. म्हणून मी त्याला बाहेर घालवलं.

"तुम्ही हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांना विचारून या, अजून किती वेळ थांबता येईल. पळत जा."

तो पळाला. दार आपटलं तशी मी फोन उचलला. सुदैवानं नदाफ साहेब अजून दुकानातच होते.

"साहेब, पडदा काळा नाही," मी एका दमात म्हणाले. "फोटो आहे. काल मी सरांचा फोटो लावला, सुरू होतानाचा. शून्य होतं तिथं एक केला. तो फोटो येतो आणि तसाच राहतो. शब्द विचारतच नाही."

पलीकडं गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"विचारत नाही कसा?" ते म्हणाले. "विचारतोय. फोटोच्या मागनं विचारतोय. तुमच्या सरांनी त्याचं तोंड झाकलंय. म्हणून तर मी ते चित्र बंद केलेलं. डावीकडं वर कोपऱ्यात एस्केपचं बटण आहे, ते दाबा. एकदाच."

मी दाबलं. सर गेले. काळा पडदा आला आणि त्यावर ती ओळ होती, रोजच्यासारखी, शेवटी चौकोन लुकलुकत होता. सकाळपासून, प्रत्येक खेपेला, ती तिथं मागं थांबून होती. न बघता मी नुसता शब्द टाइप केला असता तरी चाललं असतं.

"आलं का?"

"आलं."

"मालाताई," नदाफ साहेब म्हणाले, "हे आधी सांगायचं होतं." आणि त्यांनी फोन ठेवला. त्या वाक्याखेरीज ते त्याबद्दल मला पुढं कधी काही बोलले नाहीत आणि त्यांनी ते सरांनाही कधी सांगितलं नाही.

यादी उघडली. चार नावं. एक शाळेतल्या बाई, त्या स्वतःच दोन महिन्यांपूर्वी बाळंत झालेल्या. एक मुलगा पुण्याला शिकायला गेलेला. राहिले दोघं. दुंडाप्पा, सात किलोमीटरवरच्या कुरणवाडीचा. आणि जुवाव फर्नांडिस, आजऱ्याच्या पुढं तीस किलोमीटरवर राहणारा. मी कुरणवाडीच्या किराणा दुकानाचा नंबर फिरवला.

"दुंडाप्पा व्हय?" दुकानदार म्हणाला. "त्यो आत्ताच गेला की. साडेधाच्या गाडीनं, बेळगावला. मला सांगून गेलाय, सांजच्याला येतो म्हनून. धाच मिन्टं झाली बगा."

नियम त्यानं पाळला होता. मी म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवून पुढचा नंबर फिरवला.

जुवावच्या नंबरावर काजूच्या कारखान्यातला मुकादम बोलला. जुवाव तिथंच होता. मुकादमानं स्वतःची मोटरसायकल काढली आणि त्याला मागं बसवून निघाला. मी रक्तपेढीत कळवलं, कोल्हापूरला दुसऱ्या बाटलीसाठी फोन केला. एवढं होईतो लगमाण्णा परत आला. तो दारातच उभा राहिला.

"पोर गेलं," तो म्हणाला. "डाक्टर म्हनले, आता बाईकडं बगू द्या. लवकर काय ते करा म्हनले."

"माणूस निघालाय," मी म्हणाले. "मशीन सुरू झालं."

त्यानं पडद्याकडं पाहिलं. तिथं आता नावांच्या ओळी होत्या. मग तो पुढं आला आणि मला काही कळायच्या आत वाकून त्यानं माझ्या पायाला हात लावला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठाच असेल. मी पाय मागं घेतला नाही. घ्यायला हवा होता, पण हलताच आलं नाही.

तो हॉस्पिटलात गेला. मी डब्याचं झाकण लावलं, स्क्रू आवळले. मग ती फाइल उघडून एकाच्या जागी शून्य केलं आणि सरांचा फोटो पुसून टाकला. जुवाव वाटेत होता, रस्त्यापलीकडं बाई मरणाच्या दारात होती आणि मी माझ्या चुकीच्या खुणा पुसत होते. सव्वाअकराला सर आले तेव्हा मशीन जसं असायला हवं तसं होतं. "काय विजयमाला, चेहरा का असा?" त्यांनी विचारलं. मी केस सांगितली. बाकी काही सांगितलं नाही.

शेवंता वाचली. जुवावचं रक्त साडेबाराला तिच्या अंगात गेलं, दुसरी बाटली तीनला आली. पण त्याआधी, बाराच्या सुमारास, डॉक्टर हत्तरकींनी तिची गर्भपिशवी काढून टाकली होती. संध्याकाळी सर त्यांना भेटून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "हत्तरकी हळहळत होता. पहिली बाटली अर्धा-पाऊण तास आधी मिळाली असती तर पिशवी राखता आली असती म्हणाला. पहिलटकरीण पोर ती. असो, जीव वाचला." मी हिशेब केला नाही. तो आपोआप झाला. दहा पाचपासून दहा चाळीसपर्यंत पस्तीस मिनिटं. आणि दुंडाप्पा साडेदहापर्यंत कुरणवाडीच्या थांब्यावर उभा होता.

महिन्याभरानं लगमाण्णा आला, तेव्हा पायात चपला होत्या. पेढे आणले होते. "शेवंतानं दिलेत," म्हणाला. "ताईस्नी द्या म्हनली." मग हात पुढं केला आणि म्हणाला, "माजंबी नाव लिवा. माजं रगत काय आसंल ते." त्याचा गट बी पॉझिटिव्ह निघाला. मी त्याचं नाव यादीत घातलं आणि पेढा खाल्ला.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तो येऊ लागला. सर पुढं चार वर्षांनी वारले, मशीन बदललं, हॉस्पिटलची नवी इमारत झाली, लगमाण्णा येतच राहिला. आला की म्हणायचा, "ताई, बरं हाय न्हवं?" संक्रांतीला शेवंताचा तिळगूळ यायचा. त्यांना मूल झालं नाही, होणारच नव्हतं. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. मी त्याच्याकडं बघून हसायचे आणि तो गेल्यावर माझ्या हाताला घाम सुटलेला असायचा. माणूस एकदा घाबरतो आणि मग ते घाबरणं त्याच्याकडं कामाला राहतं.

तेरा वर्षांनी त्याचं पन्नासावं रक्तदान झालं. मंडळानं छोटा कार्यक्रम करून त्याला शाल आणि नारळ दिला. लगमाण्णा माइकसमोर उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मला बोलाय येत न्हाई. त्या दिशी मशीन बंद पडलेलं. ह्या ताईंचा आंगठा कापला, रगात आलं, तरी त्यांनी मशीन सोडलं न्हाई. त्यांनी नावं काडली म्हनून माजी शेवंता हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गळ्यात कुणीतरी हार घातला.

कार्यक्रम संपल्यावर तो व्हरांड्यात चहा पीत उभा होता. मी त्याच्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं. फोटोचं सांगितलं, शून्य आणि एकाचं सांगितलं, पडदा काळा आहे म्हणाले त्याचं, त्याला हॉस्पिटलात का पिटाळलं त्याचं, दुंडाप्पाच्या गाडीचं. डॉक्टर काय म्हणाले होते तेही सांगितलं. मधे एकदाही थांबले नाही, थांबले असते तर पुढं बोलणं झालं नसतं.

त्यानं कप कठड्यावर ठेवला. 

"किती येळ म्हनलासा?"

"पस्तीस मिनिटं."

"हं." मग म्हणाला, "आनि आज का सांगितलासा?"

"सहन होईना म्हणून."

"कुनाला?"

मी म्हणाले, "मला."

त्यानं मान हलवली. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"तवा सांगितलं आसतंसा तर उपेग झाला आसता," तो म्हणाला. "आता काय करू मी ह्याचं? घरला जाऊन शेवंताम्होरं बसायचं हाय मला. ती इचारंल, कारेक्रम कसा झाला, ताई काय म्हनल्या. तिला ह्ये सांगायचं न्हाई. मंजे आता ह्ये मी वागवायचं. तुमचं वझं हलकं झालं, एवडंच झालं."

तो पायऱ्या उतरला आणि गेला. शाल आणि नारळ कठड्यावरच राहिले, ते मी दुसऱ्या दिवशी माणसाबरोबर पाठवून दिले.

आता हा येणार नाही, असं मला वाटलं होतं. तीन महिन्यांनी ठरलेल्या तारखेला तो आला. चप्पल बाहेर काढली, खुर्चीवर बसला, बाही वर सरकवून हात पुढं केला. बाटली भरली. निघताना तो माझ्या टेबलापाशी थांबला, रजिस्टरमध्ये सही केली.

"येतो, मॅडम," तो म्हणाला.

तेव्हापासून तो मला मॅडमच म्हणतो.